वॉटकिन्स ग्लेनची ती शेवटची फेरी नक्की कोणी पाहिली?

२०२५ च्या मोसमात न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिस्बर्गनने अमेरिकेच्या नॅसकार कप या स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेत पाच शर्यती जिंकल्या. मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लट. या पाचही शर्यती रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या वाटेवर, होत्या. गोल ट्रॅकवर त्याला एकही विजय मिळाला नाही. गाडी तीच, टीम तीच, माणूसही तोच, मग हा फरक कुठून आला, असा प्रश्न नव्याने बघणाऱ्यांना पडला.

रोड कोर्सचा विषय निघाला की जुने चाहते थोड्याच वेळात १२ ऑगस्ट २०१२ वर येतात. त्या दिवशीची, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन ट्रॅकवरची शेवटची फेरी. तिच्याबद्दल तिघांना विचारलं तर उत्तरं तीन मिळतात, आणि तिघंही त्या दिवशी तिथेच असतात. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी गाडी आणि रस्ता बघावा लागेल.

## स्टॉक कार म्हणजे काय?

नॅसकारची स्थापना १९४८ साली झाली. तेव्हा 'स्टॉक कार' म्हणजे खरोखरच शोरूममधून आणलेली, कुणालाही विकत घेता येईल अशी गाडी. आज तसं काही राहिलेलं नाही. बाहेरून फोर्ड, शेवरोले किंवा टोयोटाचा चेहरा असतो आणि आत पोलादी नळ्यांचा सांगाडा. तरी एक गोष्ट टिकून आहे, ती म्हणजे वजन. ही गाडी दीड हजार किलोच्या आसपास भरते. फॉर्म्युला वनची गाडी साधारण त्याच्या निम्मी.

एवढं धूड ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळवायचं आणि पुढे काटकोनातलं वळण आलं की काही क्षणांत थोपवायचं. ब्रेक तापून लाल होतात. पूर्वीच्या गाड्यांत एक जास्तीची डोकेदुखी होती: ब्रेक दाबताना गिअर जरा घाईने खाली टाकला की मागची चाकं रस्त्यावर अक्षरशः टणाटण उडायची, आणि एकदा ती उडायला लागली की गाडीचं तोंड कुठे वळेल याचा नेम नाही. २०२२ पासून आलेल्या नव्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं आणि गिअर पाच झाले, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला.

## आणि रोड कोर्स?

नॅसकारच्या बहुतेक शर्यती ओव्हलवर होतात. ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक, ज्यावर वळणं फक्त डावीकडे. रोड कोर्सवर डावी-उजवी दोन्ही वळणं असतात, चढ-उतार असतात, आणि गिअर सतत बदलावे लागतात.

हे खूळ अलीकडचं नाही. १९५४ साली न्यू जर्सीमधल्या लिंडन विमानतळावर नॅसकारने पहिली रोड कोर्स शर्यत घेतली. ती जिंकली अल केलरने, तीही जॅग्वारमध्ये. त्यानंतर थेट २००८ पर्यंत या सर्वोच्च मालिकेत अमेरिकेबाहेरच्या कंपनीची गाडी जिंकली नव्हती. १९८९ ते २०१७ या काळात वर्षाला दोनच रोड कोर्स शर्यती व्हायच्या: कॅलिफोर्नियात सोनोमा आणि न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन. २००१ पासून तर छत्तीसातल्या दोन. म्हणून त्या लक्षात राहायच्या.

ग्लेनची कुळकथा १९४८ पासूनची. सेनेका तलावाच्या टोकाशी असलेल्या या गावात कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या गृहस्थांनी गावातल्याच रस्त्यांवर शर्यत भरवली. १९५२ मध्ये प्रेक्षकांत गाडी घुसून एक लहान मुलगा गेला. त्यानंतर शर्यती गावाबाहेर हलल्या आणि १९५६ मध्ये कायमचा ट्रॅक झाला. १९६१ ते १९८० फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री इथेच व्हायची. नॅसकार १९८६ पासून नेमाने येते आणि ट्रॅकचा लांब फाटा सोडून २.४५ मैलांची, म्हणजे जवळपास चार किलोमीटरची वाट वापरते.

## एका खुर्चीवरून किती दिसतं?

ब्रिस्टलसारखा ओव्हल जेमतेम अर्ध्या मैलाचा. वरच्या रांगेत बसलेल्याला प्रत्येक गाडी प्रत्येक क्षणी दिसते. दीड मैलाच्या ओव्हलवरही नजर फिरवली की सगळं कवेत येतं.

ग्लेनला तसं नाही. गणपती विसर्जनाची मिरवणूक तुम्ही एका चौकात उभं राहून बघता. मंडळ समोरून गेलं की पुढच्या चौकात काय झालं ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून कळतं. इथला प्रकार अगदी तोच. पहिल्या वळणाच्या स्टँडमध्ये बसलात तर मुख्य सरळ पट्टा आणि उजवीकडचं काटकोनी वळण दिसतं. मग गाड्या निळ्या कठड्यांच्या मधून चढणीवरच्या नागमोडी वळणांत शिरतात आणि नाहीशा होतात. सत्तर-एक सेकंदांनी पुन्हा उगवतात. तेवढ्या वेळात कोण कोणाला धडकलं, कोणाचं टायर गेलं, हे फक्त क्रम बदललेला पाहून ताडायचं.

म्हणून रोड कोर्सचा पक्का प्रेक्षक शर्यत निम्मी कानांनी बघतो. ड्रायव्हर आणि टीममधलं बोलणं ऐकायला स्कॅनर भाड्याने मिळतो. रेडिओवरचं समालोचनही वाटून घेतलेलं असतं: महत्त्वाच्या वळणांवर एकेक निवेदक उभा, आणि गाड्या त्याच्या टापूतून बाहेर पडल्या की तो सूत्रं पुढच्याच्या हाती देतो. टीमसुद्धा हेच करतात. ड्रायव्हरला आजूबाजूची खबर देणारा माणूस, ज्याला 'स्पॉटर' म्हणतात, तो ओव्हलवर एक पुरतो. रोड कोर्सवर टीमला ट्रॅकच्या वेगवेगळ्या भागांत जास्तीची माणसं ठेवावी लागतात.

## २०१२: एक फेरी, तीन गाड्या

शर्यत नव्वद फेऱ्यांची. शेवट जवळ आला तेव्हा १८ नंबरच्या टोयोटात काइल बुश पुढे होता. मागे २ नंबरच्या डॉजमध्ये ब्रॅड केसेलोव्स्की, त्याच्यामागे ९ नंबरच्या फोर्डमध्ये मार्कोस ॲम्ब्रोज. ॲम्ब्रोज टास्मानियाचा. ऑस्ट्रेलियात दोनदा व्ही-एट सुपरकार्सचा विजेता होऊन तो अमेरिकेत आला होता. व्हॅन गिस्बर्गनही त्याच ऑस्ट्रेलियन मालिकेतून आला, हा योगायोग नाही; तिथल्या जड गाड्या वळणावळणांच्या रस्त्यांवरच धावतात.

बॉबी लाबॉन्टीच्या ४७ नंबरच्या गाडीतून तेल गळत होतं. ते डांबरावर पसरत गेलं. शेवटची फेरी सुरू झाली आणि बुश पहिल्या वळणाच्या आसपास तेलावर घसरून बाहेर गेला. तो परत रेषेवर येतो न येतो तोच नागमोडी चढणीत केसेलोव्स्कीचं नाक त्याला लागलं. बुश गरकन फिरला. मग उरलेली फेरी केसेलोव्स्की आणि ॲम्ब्रोज दोघंही घसरत, डांबर सोडून बाहेर जात, एकमेकांना घासत पळत राहिले. शेवटच्या काही वळणांत ॲम्ब्रोज पुढे सरकला आणि जिंकला. जिमी जॉन्सन तिसरा आला. बुशला सातव्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं.

आता मुख्य पट्ट्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. शेवटच्या फेरीच्या पांढऱ्या झेंड्याखालून १८ पुढे गेली. सत्तर-एक सेकंदांनी ९ पुढे आली. बस, एवढंच. चढणीवर बसलेल्याला बुशची गिरकी समोरच दिसली, पण कोण जिंकलं ते लाउडस्पीकरवरून कळलं. मागच्या बाजूच्या प्रेक्षकाला बुश या गोष्टीत दिसतच नाही. त्याच्यासाठी ही दोन घसरणाऱ्या गाड्यांची मारामारी. तिघांनी तीन वेगळ्या शर्यती पाहिल्या, आणि एकही खोटं बोलत नाही.

## मग पिवळा झेंडा का नाही दाखवला?

बुशचे चाहते आजही हेच विचारतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं.

पिवळा झेंडा म्हणजे ट्रॅकवर धोका आहे, सगळ्यांनी वेग कमी करा, पुढे जाऊ नका. तेल सांडणं हे पिवळ्या झेंड्याचं अगदी रास्त कारण. पण शेवटच्या टप्प्यात या झेंड्याचा अर्थ मिनिटागणिक बदलतो. पांढरा झेंडा, म्हणजे शेवटच्या फेरीची खूण, पडण्याआधी पिवळा आला तर शर्यत लांबते आणि ट्रॅक साफ करून पुन्हा नव्याने सुरुवात होते. पांढरा पडल्यावर पिवळा आला तर शर्यत तिथल्या तिथे संपते, आणि त्या क्षणी जो पुढे तो विजेता.

हे २०१२ ला लावून पाहा. पांढऱ्याआधी पिवळा दिला असता तर पुन्हा सुरुवात, आणि विजेता कोणीही. पांढरा पडल्यावर लगेच, बुश घसरायच्या आत दिला असता तर बुश विजेता. त्याने गिरकी घेतल्यावर दिला असता तर केसेलोव्स्की. दिलाच नाही, म्हणून ॲम्ब्रोज. काही सेकंदांच्या फरकाने विजेता तीनदा बदलतो, आणि हा निर्णय घ्यायचा तो चार किलोमीटरच्या वाटेवर, चढ-उतारांच्या आड कुठे किती तेल पडलंय याचा अंदाज बांधून. ओव्हलवर तेलाचा माग एका नजरेत घेता येतो. इथे नियंत्रण कक्षाला कॅमेरे आणि वळणावळणांवर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या भरवशावर राहावं लागतं. प्रेक्षकाची अडचण काही अंशी पंचांचीही असते.

तरीही माझं मत सांगतो: तेलाची कल्पना पांढऱ्या झेंड्याआधी असेल तर झेंडा दाखवायलाच हवा होता. ती शर्यत रंगली हे खरं, पण दीड हजार किलोची गाडी तेलावर कुठे जाऊन थांबेल हे नशिबावर सोडणं काही बरं नव्हे.

त्या सातव्या क्रमांकामुळे बुशचं पुढे काय झालं तेही बघा. तेव्हाच्या गुणपद्धतीत विजेत्याला ४३ अधिक ३ गुण मिळायचे, सातव्याला ३७. म्हणजे निदान नऊ गुणांचा फरक. सप्टेंबरमध्ये, मोसमाच्या शेवटच्या दहा शर्यतींत विजेतेपदासाठी लढणारे बारा जण ठरले तेव्हा बुश जेफ गॉर्डनच्या मागे राहून बाहेर पडला, तीन गुणांनी. त्या वर्षीचं विजेतेपद पटकावलं केसेलोव्स्कीने.

## "टीव्हीवर तर सगळं दिसतं!"

हा आक्षेप बिनतोड वाटतो. आज घरबसल्या ती फेरी दहा वेळा बघता येते आणि ट्रॅकवरच्या कोणापेक्षाही जास्त कळतं. हे मान्यच करायला हवं.

पण टीव्हीवर एक दिग्दर्शक तुमच्यासाठी शर्यत निवडत असतो. पुढच्या दोन गाड्यांवर कॅमेरा असतो तेव्हा विसाव्या क्रमांकावर काय चाललंय ते गायब. आणि काही आठवणी कॅमेऱ्याच्या स्वभावात बसतच नाहीत. बोरिस सईद नावाचा रोड कोर्सचा वाकबगार ड्रायव्हर होता, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. त्याचे चाहते तसलेच टोप घालून येत. रॉन फेलोज हा कॅनडाचा. वर्षातून एखाद-दुसऱ्या शर्यतीला बोलावला जायचा, आणि २००४ मध्ये ग्लेनला त्रेचाळिसाव्या, म्हणजे सर्वांत शेवटच्या क्रमांकावरून निघून दुसरा आला. अशा पाहुण्या तज्ज्ञांसाठी लोक मुद्दाम तिकीट काढायचे. टीव्ही पुढच्या गाड्या दाखवत असताना ट्रॅकवरचे लोक फेलोज दर फेरीला किती वर आला ते मोजत बसायचे.

ग्लेनचीच २००७ ची गोष्ट तर कुठल्याही दिग्दर्शकाला सुचली नसती. पहिल्या वळणावर अपघात होऊन शर्यत थांबवली होती. केविन हार्विक आणि युआन पाब्लो माँटोया ट्रॅकवरच एकमेकांच्या अंगावर गेले. त्याच थांब्यात एक चाहता कठडा ओलांडून थेट मॅट केन्सेथच्या गाडीपाशी गेला, स्वाक्षरी मागायला! पोलिसांनी त्याला धरलं ते वेगळं.

## आठवणींवर विश्वास ठेवायचा का?

जपून. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी अटलांटातल्या एमोरी विद्यापीठात विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी सांगितलं, काय करत होतात. त्यांनी आणि निकोल हार्श यांनी काही वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. सुमारे पाव विद्यार्थ्यांची उत्तरं मुख्य मुद्द्यांवर पूर्ण चुकली. गंमत म्हणजे ती चुकीची आठवणही ते ठामपणे सांगत होते. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी काहींना आपली नवी आठवणच खरी वाटली.

रोड कोर्सवर हे आणखी सोपं होतं. तुम्ही एक वळण पाहिलं, बाकीचं रेडिओवर ऐकलं, संध्याकाळी तंबूत शेजाऱ्याकडून ऐकलं, आणि पुढच्या वर्षी व्हिडिओत पाहिलं. काही वर्षांत शिवण दिसेनाशी होते. 'मी बुशला फिरताना पाहिलं' असं मुख्य पट्ट्यासमोर बसलेला माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच: कुठे बसला होतात?

सोनोमाच्या १९९१ च्या शर्यतीत तर निकालच दोन होते. शेवटाकडे अकराव्या वळणावर रिकी रडने पुढे असलेल्या डेव्ही ॲलिसनला मागून धक्का दिला आणि ॲलिसन फिरला. रेषा आधी ओलांडली रडने, पण त्याला शिक्षेचा काळा झेंडा दाखवला गेला आणि विजय ॲलिसनला मिळाला. रड दुसरा. त्या दिवशी रेषेसमोर बसलेल्यांनी एक माणूस पहिला येताना पाहिला आणि पुस्तकात नाव दुसऱ्याचं लागलं.

## डांबरात राहिलेली आठवण

सगळ्याच आठवणी वादाच्या नसतात. ११ ऑगस्ट १९९१, ग्लेन. जे. डी. मॅकडफी, वय ५२. कप मालिकेत ६५३ शर्यती धावलेला आणि एकही न जिंकलेला माणूस. पोटापुरत्या पैशांत स्वतःची गाडी चालवणारा. पाचव्या वळणाकडे जाताना त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाचा भाग तुटला, ब्रेक गेले, आणि गाडी कठड्यावर आदळून तो तिथेच गेला.

पुढच्या वर्षी मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी चार छोटी वळणं घालून वेग मोडला. त्या वळणांना 'इनर लूप' म्हणतात. चाहते 'बस स्टॉप' म्हणतात. आज तिथे बसून ब्रेकांची मजा घेणाऱ्या कित्येकांना ती वळणं कोणामुळे आली हे ठाऊक नसतं. जुन्यांना असतं.

## "आता रोड कोर्स रटाळ झालेत"

ही कुरकुर हल्ली बरीच ऐकू येते, आणि निराधार नाही. २०२१ मध्ये एका वर्षात सात रोड कोर्स शर्यती झाल्या. वर्षातून दोनदा येणारी गोष्ट सातदा आली की अप्रूप उरत नाही. नवी गाडी वळणांत आणि ब्रेकखाली जास्त बिनचूक आहे, त्यामुळे समोरच्याने चूक करावी आणि आपण घुसावं, असे क्षण कमी झाले.

रंगत आता पिटमध्ये जास्त आहे. पिट म्हणजे ट्रॅकलगतची टायर-इंधनाची जागा. छोट्या ओव्हलवर एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांची, शर्यत चालू असताना पिटमध्ये गेलात की एक-दोन फेऱ्या गेल्याच. ग्लेनची फेरी सत्तर सेकंदांची, त्यामुळे पिटमध्ये जाऊनही माणूस त्याच फेरीत राहतो. म्हणून टीम हिशेब उलटा करतात: शेवटच्या फेरीपासून मागे मोजत, एका टाकीत किती अंतर जाईल ते पाहून थांबे ठरवतात. कधी हा हिशेब अगदी काठावर येतो. २०१८ मध्ये चेस एलियटने ग्लेनला आपली पहिली कप शर्यत जिंकली आणि विजयाच्या फेरीतच त्याचं इंधन संपलं. जिमी जॉन्सनने मागून ढकलत त्याची गाडी नेली. चेसचे वडील बिल यांचा पहिला विजयही रोड कोर्सवरचाच, १९८३ मध्ये रिव्हरसाइडला. तो ट्रॅक आता नाही.

## जायचं झालं तर

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ग्लेन गाडीने साधारण चार-पाच तासांवर आहे. पहिल्या वळणाचा स्टँड लोकप्रिय, कारण सुरुवात, शेवट आणि पिट तिन्ही दिसतं. जिमी जॉन्सन २००० मध्ये खालच्या मालिकेत ब्रेक निकामी होऊन फोमच्या भिंतीत घुसला आणि मग हात उंचावून उभा राहिला, तोही इथेच. निकाल डोळ्यांनी बघायचा असेल तर इथलं तिकीट काढा. मला विचाराल तर मी इनर लूपपाशी बसेन. ब्रेकची खरी कसोटी तिथे लागते, दर फेरीला कोणी ना कोणी कडेवरून उडी मारतो, आणि क्रम कळायला कानात स्कॅनर पुरतो. स्कॅनर मात्र आधीच राखून ठेवा, आणि इअरमफ मुलांसाठीसुद्धा न्या. या गाड्यांचा आवाज व्हिडिओत येतो त्याच्या कैकपट असतो.